जास्त किल्ली दिल्याचा आरोप



इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या अनेक जुन्या मराठी घरांत पणजोबांचे साखळीचे घड्याळ जपलेले असते, आणि ते बंद का पडले याची हकीकतही. कुणा पोराने म्हणे किल्ली जास्त दिली! ते पोर यथावकाश आजोबा होते. ठपका मात्र तसाच राहतो.

या आरोपाची शहानिशा घड्याळजीच्या टेबलावर होऊ शकते. किल्ली दिली की डबीतील पोलादी स्प्रिंग गुंडाळत जाते व पूर्ण गुंडाळल्यावर हाताला अडते. तेथे थांबल्यास घड्याळाचे काहीही बिघडत नाही. ही शक्ती दातेरी चक्रांतून बॅलन्स-चक्रापर्यंत पोहोचते. अशा घड्याळांत ते बहुधा सेकंदाला पाच, म्हणजे दिवसाला ४,३२,००० हेलकावे घेते. त्याच्या आसाची टोके मिलिमीटरच्या दशांशाइतकी बारीक. ती माणकाच्या खड्यात, तेलाच्या कणावर फिरतात. काही वर्षांत हे तेल चिकट होते, धूळ धरते. मग स्प्रिंग पूर्ण भरलेली असूनही चक्रे हलत नाहीत. किल्ली पुढे जात नाही, काटे सरकत नाहीत, आणि ज्याच्या हाती त्या वेळी किल्ली असेल तो गुन्हेगार ठरतो.

जुन्या पोलादी स्प्रिंगा तुटतही असत, हे खरे. पण तुटलेली स्प्रिंग हाताला अडत नाही; किल्ली नुसतीच फिरत राहते. स्प्रिंग बदलता येते. जाडी, रुंदी व लांबी मात्र मूळची हवी. पडून मोडलेला आस कुशल कारागीर लेथवर नवा घडवतो. बाकी सारे खोलून, धुऊन, योग्य जागी तेल देण्याचे काम. झाकण चकचकीत करण्याचा आग्रह मात्र कुटुंबाने धरू नये. पॉलिशने कोरलेली आद्याक्षरे झिजतात, आणि ती कोणत्याही दुकानात परत मिळत नाहीत.

झाकणाची आतली बाजू भिंगाखाली अवश्य पाहावी. पूर्वीचे घड्याळजी दुरुस्तीनंतर तेथे सुईने आपली खूण, कधी सालही, कोरून ठेवीत. अखेरचे साल आणि घड्याळ बंद पडल्याचे साल यांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर निघाले, तर तेल केव्हाच सुकले होते, असे समजण्यास हरकत नाही. तो जुना आरोपी हयात असेल, तर झाकण लावण्यापूर्वी भिंग त्याच्या हाती द्यावे.