मनोविकारांचे निदान आणि वर्गीकरणाचा ग्रंथ

नायगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यात घरची सून एकाएकी ओरडू लागली, तिचे भान हरपले, तर गाव त्यास भानामती म्हणते. सासरची वडीलधारी मंडळी ‘बाहेरचे झाले’ असे सांगतात. तीच स्त्री नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासली गेली आणि शारीरिक कारण आढळले नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार तिच्या कागदावर ‘एफ ४४’ अशी नोंद होऊ शकते. दुःख एकच आहे. परंतु त्याला कोणते नाव मिळते यावर उपचार अवलंबून असतात, घरच्यांचे वागणे अवलंबून असते, इतकेच नव्हे तर शेजारणीची सुरक्षितताही अवलंबून असते. कारण भानामती म्हटले की ती करणारी कोण, याचा शोध सुरू होतो. अशा संशयापायी मराठवाड्यात निरपराध माणसांनी मार खाल्ला आहे.

हे आकडे देणारा ग्रंथ मुळात का लागला, हे पाहण्यासारखे आहे. क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसतात. मनाच्या बहुतेक विकारांना अशी खूण नाही. रुग्ण काय सांगतो आणि नातेवाईक काय पाहतात, यांवरच वैद्याला विसंबावे लागते. १९६०-७० च्या दशकांत न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णांचा तौलनिक अभ्यास झाला, तेव्हा असे दिसून आले की अमेरिकन डॉक्टर ज्याला छिन्नमनस्कता म्हणत, त्यालाच ब्रिटिश डॉक्टर पुष्कळदा उन्माद-अवसाद म्हणत होते. रुग्णांत फारसा भेद नव्हता, भेद डॉक्टरांच्या सवयीत होता. जागतिक वर्गीकरणात मनोविकारांचे स्वतंत्र प्रकरण १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासूनच होते; अमेरिकन मनोविकार संघटनेची पुस्तिकाही १९५२ मध्ये निघाली होती. परंतु कोणती लक्षणे, किती आणि किती काळ, अशी रोखठोक मोजणी १९८० च्या तिसऱ्या अमेरिकन आवृत्तीनंतरच रूढ झाली.

या मोजणीने निदानात एकवाक्यता आली, हे मान्य केले पाहिजे. मात्र रेषा कोठे ओढावी हे शेवटी माणसेच ठरवितात. छिन्नमनस्कतेसाठी अमेरिकन पुस्तिका सहा महिन्यांचा कालावधी मागते, तर जागतिक संघटनेची दहावी आवृत्ती एका महिन्यावर थांबते. म्हणजे दोन महिने भ्रमात असलेल्या एकाच तरुणाला दोन ग्रंथ दोन नावे देतील. भारतासारख्या देशांत थोड्या आठवड्यांत पूर्ण बरे होणारे तीव्र मनोविकार बरेच आढळतात, डॉ. नरेंद्रनाथ विग यांच्यासारख्या भारतीय तज्ज्ञांनी विकसनशील देशांतील असा अनुभव वर्गीकरणाच्या चर्चेत आग्रहाने मांडला. दहाव्या आवृत्तीत अशा विकारांना स्वतंत्र गट मिळाला. समलैंगिकता तर १९७३ मध्ये अमेरिकन यादीतून आणि १९९० मध्ये संमत झालेल्या जागतिक यादीतून वगळली गेली. काल रोग मानलेली गोष्ट आज रोग नाही, असे या ग्रंथालाही म्हणावे लागले. ‘हिस्टेरिया’ हा स्त्रियांना सहज चिकटविला जाणारा शब्दही निदानाच्या भाषेतून असाच मागे पडला.

अंगात येण्याबाबत ग्रंथाने केलेला भेद मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. नवरात्रात, देवीच्या जागरात एखाद्या स्त्रीच्या अंगात आले आणि दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी रानात कामाला गेली, तर दहावी आवृत्ती त्यास विकार म्हणत नाही. ती अवस्था इच्छेविरुद्ध येत असेल, मान्य धार्मिक प्रसंगाबाहेर येत असेल वा प्रसंग संपूनही टिकत असेल आणि रोजच्या व्यवहारात अडथळा आणत असेल, तरच तो विकार होय. आता प्रसंग मान्य आहे की नाही, हे जिनिव्हात छापलेल्या पुस्तकात कसे सापडणार? ते गावालाच ठाऊक असते. निदानाचा एक धागा असा सरपंच, शिक्षिका व आशा कार्यकर्ती यांच्या हाती राहतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने या विषयाला कायद्याचे बळ दिले. मानसिक आजार ठरविताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेची वैद्यकीय मानके वापरावीत, असे त्याचे कलम ३ सांगते आणि जागतिक वर्गीकरणाच्या अद्ययावत आवृत्तीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमान्वये एखाद्याची सामाजिक वा आर्थिक स्थिती, धर्म, अथवा गावाच्या चालीरीतींशी न पटणारे वर्तन यांवरून त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही. पूर्वी उपचार झाले होते, एवढेही कारण पुरेसे नाही. जमिनीच्या वाटणीत भावाला ‘वेडा’ ठरवू पाहणाऱ्यांना हे ऐकविणे उपयुक्त ठरेल. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे वा मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मात्र रोगाचे नाव पुरत नाही. तेथे स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार अंगांनी अडचण मोजली जाते. ठरलेल्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. येथेही पुरावा घरातून आणि गावातूनच येतो.

म्हणून पंचायत सदस्यांनी वा शिक्षकांनी निदान करू नये, वर्णन करावे. ‘मुलगा वेडसर आहे’ अशी चिठ्ठी डॉक्टरांच्या उपयोगाची नाही. ‘दिवाळीनंतर तो वर्गात बोलत नाही, डबा तसाच परत नेतो, रात्री झोपत नाही असे आई सांगते, कापूस वेचायलाही जात नाही’ असे लिहिले तर आरंभ, कालावधी आणि रोजच्या जगण्यावरील परिणाम, या तिन्ही गोष्टी कळतात. जागतिक वर्गीकरणात अवसादाच्या निदानासाठी सामान्यतः दोन आठवड्यांचा काळ पाहिला जातो. आत्महत्येचे विचार बोलून दाखविणाऱ्यासाठी मात्र दोन दिवसही थांबू नये.