जीएसटी नंतर, आधी उद्यम

मी निगडीतून बोलतोय. आजचा विषय जरा कोरडा वाटेल, पण पैशाचा आहे. स्वतःचा धंदा सुरू करताना कुठली नोंदणी आधी करायची?

आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जीएसटी काढू का?" मी म्हणतो, थांब. आधी उद्यम काढ.

1 जुलै 2020 पासून उद्योग आधारच्या जागी उद्यम नोंदणी आली. आधार, पॅन आणि ओटीपी लागतो. कागद अपलोड करायचे नाहीत, फी शून्य. सर्च केलं की सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट्स दिसतात आणि फी मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, एवढं बघा.

आता घाई कशाला? तळवडे, चिखली, भोसरीतली छोटी वर्कशॉप्स मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतात. माल जातो, बिल जातं, पैसे मात्र "पुढच्या महिन्यात." यासाठी 2006 चा एमएसएमई कायदा आहे. लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, म्हणजे वस्तू बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही.

खरी मेख तारखेत आहे. काम आधी केलं आणि नोंदणी नंतर काढली, तर जुन्या बिलांना हा फायदा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 आणि 2022 मध्ये म्हटलं. 2025 मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. ओळखीतल्या एका दादाचं बिल अडकलं, तेव्हा वकिलाने पहिलं विचारलं, "उद्यमची तारीख काय?" ती बिलानंतरची होती. पुढे काय बोलणार?

मग बाकीचं. शॉप ॲक्ट: वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. करंट खातं उघडताना ती पावती कामाला येते. प्रोफेशनल टॅक्स: धंदा करणाऱ्याला वर्षाला 2,500 रुपये.

आणि जीएसटी? सेवा असेल तर वर्षाची उलाढाल 20 लाखांवर, नुसता माल असेल तर 40 लाखांवर गेली की सक्तीचा. पण माल परराज्यात विकणार असाल तर साधारणपणे पहिल्या रुपयापासूनच. मोठी कंपनी नंबर मागत असेल तर आधीही घ्या, तिला क्रेडिट हवं असतं. मात्र एकदा घेतला की धंदा शून्य असला तरी रिटर्न भरावं लागतं. चुकलं तर रोज 20 रुपये लेट फी.

तेव्हा पहिलं बिल फाडायच्या आधी उद्यम नंबर घ्या आणि तो बिलावर छापा. कुणी धंदा सुरू करत असेल तर त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या वेळी!