मूक हृदय आणि रक्ताची साक्ष



थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात, मग निळसर होतात. पुढे हातांची व चेहऱ्याची कातडी ताठर होऊ लागते. ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ या विकाराची ही ओळखीची लक्षणे. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते, सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि अवयवांत तंतुमय ऊतक साचत जाते. त्वचेतील हा बदल डोळ्यांना दिसतो. हृदयात तोच बदल घडत असताना मात्र रुग्णाला पुष्कळदा त्याची जाणीवही नसते. धाप लागली, तर दोष अशक्तपणाला दिला जातो. हृदयाची लक्षणे उघड होईपर्यंत उपचारांचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

अशा वेळी रक्तातील दोन घटक पहारेकऱ्याचे काम करतात. पहिला ‘एनटी-प्रोबीएनपी’. बीएनपी हे संप्रेरक १९८८ साली जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत प्रथम आढळले. त्याचे मुख्य उगमस्थान हृदय असल्याचे नंतर ध्यानात आले. हृदयाच्या भिंतींवर ताण पडला की ते स्रवते आणि त्याच्याबरोबर सुटणारा हा अंश रक्तात मोजता येतो. दुसरा घटक ट्रोपोनिन. हृदयस्नायूंच्या पेशींना इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. पहिला घटक ताण सांगतो, दुसरा इजा.

तथापि ही साक्ष तपासून घ्यावी लागते. वाढते वय व मूत्रपिंडाचे विकार यांमुळे पहिला घटक वाढतो, तर स्थूल व्यक्तींत तो कमी भरतो. या रोगात हातापायांच्या स्नायूंनाही दाह होऊ शकतो; त्यामुळे ‘ट्रोपोनिन टी’ वाढलेले दिसल्यास हृदयाशी अधिक निगडित असलेले ‘ट्रोपोनिन आय’ पडताळून पाहणे हितावह ठरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिटेक्ट’ या अभ्यासाने फुफ्फुसधमन्यांतील वाढलेला रक्तदाब हुडकण्यासाठी एनटी-प्रोबीएनपीला स्थान दिले, तेही श्वसनचाचण्या व हृदयालेख यांच्या जोडीनेच.

म्हणून अहवालातील एका आकड्याने घाबरून जाऊ नये, आणि आकडा मर्यादेत आहे म्हणून निर्धास्तही राहू नये. रोगनिदान होताच या चाचण्या, हृदयालेख व इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी, पहिला अहवाल जपून ठेवावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने तपासणी पुन्हा करावी. कालच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहिला, तरच मूक हृदयाची हाक वेळेवर ऐकू येईल.