सांधा का अडखळतो?



१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्या रोपाची एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ या त्या छोट्या चित्रपटात रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसे. चलच्चित्राचे सारे मर्म त्यात आहे. चित्र स्वतः हलत नाही. स्थिर चौकटी भराभर सरकतात आणि हलण्याचा भास आपल्या डोळ्याला होतो. चौकटींचा क्रम कुठे चुकला, की भास मोडतो.

आता आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. अकोले तालुका देशी बियाण्यांसाठी नावाजलेला. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना त्याच कामासाठी २०२० सालची पद्मश्री मिळाली. समजा, त्या भागातल्या एखाद्या शाळेत बाईंनी मुलांकडून वालाचे बी पेरून घेतले आणि पंधरा दिवस रोज मोबाइलवर त्याचे थोडे चित्रण केले. मग संगणकावर ते तुकडे जोडले. कालचे रोप विरत जावे आणि त्यातूनच आजचे उमटावे, म्हणून प्रत्येक सांध्यावर ‘डिझॉल्व्ह’ घातला. आणि पाहतात तो काय, नेमक्या सांध्यावर चित्र थिजते, उडी मारते, मध्येच काळे काहीतरी चमकून जाते! वेल तर आता मांडवावर चढलेला. पुन्हा चित्रण म्हणजे पुन्हा पेरणी.

अशा वेळी वैतागून काम पुसून टाकू नये. बहुधा मूळ चित्रण ठीकच असते, आणि सांध्यातला दोष शोधता येतो. विहिरीवरची मोटर बंद पडली, तर जाणता माणूस आधी वीज आहे का पाहतो, मग फ्यूज, मग वायर; एकदम मोटर उघडून बसत नाही. इथेही तसेच करावे. आधी कामाची एक प्रत वेगळी ठेवावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

पहिला प्रश्न असा: दोष खरोखर चित्रफितीत आहे, की नुसता पडद्यावर दिसतो? डिझॉल्व्ह चालू असताना संगणकाला एकाच वेळी दोन चित्रे उलगडून एकमेकांत मिसळावी लागतात. जुना संगणक तिथे दमतो. म्हणून सांध्याभोवतीचा दहा सेकंदांचा भाग एक्सपोर्ट करून पाहा. तो स्वच्छ असेल, तर बिघाड काहीच नाही. प्रिव्ह्यूचा दर्जा कमी ठेवला, की कामात अडथळा येणार नाही.

एक्सपोर्ट केलेल्या तुकड्यातही चित्र थिजत असेल, तर शिल्लक तपासा. जुन्या कॅमेऱ्यात हाच परिणाम साधताना पहिल्या दृश्याच्या शेवटी भिंगाचे छिद्र हळूहळू मिटवीत, फिल्म तेवढीच मागे फिरवीत आणि त्याच पट्टीवर दुसरे दृश्य छिद्र उघडत घेत. म्हणजे काही काळ दोन्ही दृश्ये एकमेकांवर असतात. संगणकातही तेच घडते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या आणि एक सेकंदाचा डिझॉल्व्ह सांध्याच्या मधोमध बसवला, तर दोन्ही तुकड्यांत कापलेल्या जागेपलीकडे बारा-तेरा चौकटी शिल्लक हव्यात. त्या नसल्या, की काही सॉफ्टवेअर शेवटचीच चौकट पुन्हा पुन्हा दाखवते. सुतार चूल बसवण्यासाठी लाकूड जास्त ठेवतो, तसेच हे. उपाय सोपा आहे: दोन्ही तुकड्यांची टोके अर्धा-अर्धा सेकंद आत घ्या, नाहीतर डिझॉल्व्ह आखूड करा.

मध्येच काळे चमकत असेल, तर टाइमलाइन मोठी करून बाणाच्या कळीने एकेक चौकट पुढे सरका. दोन तुकड्यांमध्ये एखाद्या चौकटीची फट राहिलेली सापडेल. ती मिटवली, की चमक गेली.

तिसरे कारण मोबाइलचे आहे. पुष्कळ मोबाइल उजेड कमी झाला, की सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या चौकटींची संख्या आपोआप कमी-जास्त करतात. सॉफ्टवेअर मात्र ठरावीक गती धरून चालते; मग चित्र अडखळते आणि आवाजही मागेपुढे होतो. ‘हँडब्रेक’ नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून मूळ तुकड्यांच्या नव्या प्रती करा आणि त्या वापरा. काही तुकडे २५ चे आणि काही ३० चे असतील, तर सर्वांना एकच गती द्या.

एवढे करूनही हिरवे-जांभळे चौकोन उमटत असतील, तर संशय संगणकाच्या ग्राफिक्स भागावर घ्यावा. सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करून तोच तुकडा पुन्हा एक्सपोर्ट करा. दोष गेला, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घालावा लागेल. तसेच डिस्कवर जागा आहे ना, हे पाहा आणि साठलेली कॅश पुसा. कॅश पुसल्याने मूळ चित्रण जात नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. डिझॉल्व्ह ही नुसती शोभा नव्हे. ‘मध्ये काळ गेला’ असे तो पाहणाऱ्याला सांगतो. रोपाच्या दोन दिवसांमध्ये तो शोभतो. पण मुलगी तांब्या उचलते आणि लगेच पाणी घालते, तिथे साधा काटच बरा. नाहीतर मधे दुपार उलटली की काय, असे मुलांना वाटेल. जिथे सांधा नको तिथे तो घातलाच नाही, तर तो अडखळण्याची भीतीही उरत नाही.

आणि पुढच्या वेळी चित्रण करताना बटण दाबल्यावर दोन सेकंद थांबून सुरुवात करा, संपल्यावरही दोन सेकंद थांबून मग बंद करा. त्या चार सेकंदांची शिल्लक गाठीशी असली, म्हणजे पुढचे पुष्कळसे सांधे बिनतक्रार बसतील आणि मुलांचे लक्ष पडद्यावरच्या उडीकडे न जाता अंकुराकडे राहील.