दावणीचा बैल आणि घरातली चूल

(चोपडा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कायद्याने माणसाच्या राहणीत आणि त्याच्या मालमत्तेत कुठवर शिरावे, हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. चोपडा तालुक्यात तो दावणीला बांधलेला आहे. तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या या पट्ट्यात कोरडवाहू कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याजवळ जमिनीखालोखाल मोलाची वस्तू म्हणजे बैलजोडी. आखाजीला सालदाराचे साल बदलते. तशी थकलेली जोडीही पेरणीच्या आत बदलावी लागे. म्हाताऱ्या बैलाच्या आलेल्या पैशांत भर घालून नवा गोऱ्हा दावणीला येई. पोळ्याला पूजलेला बैल विकताना शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत असे. पण डोळे पुसून तो बाजाराची वाट धरी, कारण त्याच्या शेतीचे गणितच त्या व्यवहारावर उभे होते.

१९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी घातली, परंतु हे गणित मोडले नव्हते. शेतीला, ओढकामाला वा पैदाशीला निरुपयोगी ठरलेला बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत होता. १९९५ साली विधिमंडळाने ही वाट बंद करणारी दुरुस्ती संमत केली. वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्या वर्षीच्या ४ मार्चपासून ती अमलात आली. बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची ठरली. खानदेशच्या उत्तरेला मध्य प्रदेश आणि पश्चिमेला गुजरात. त्या दोन्ही राज्यांतही बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे येथील शेतकऱ्याला कोणत्याच दिशेला वाट उरली नाही.

या कायद्याने शेतकऱ्याचा बैल काढून घेतला नाही. त्याने फक्त त्या बैलाची किंमत काढून घेतली, आणि चाऱ्याचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच माथी ठेवला. श्रीमंत बागाईतदाराच्या दारी ट्रॅक्टर आहे. त्याला याची झळ लागत नाही. झळ लागते ती कडबा आणि ढेप विकत घेणाऱ्या अल्पभूधारकाला, कातड्यावर पोट असणाऱ्या कारागिराला आणि जनावरांचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाला. २०२५ च्या पावसाळ्यात या समाजाने, गोरक्षक म्हणवणाऱ्यांच्या जाचाला कंटाळून, राज्यात जनावरांची खरेदीच बंद ठेवली. तेव्हा ज्यांच्या म्हशींना ही कत्तलबंदी लागूही नव्हती, त्यांनाही गिऱ्हाईक मिळेना. कायद्याची अंमलबजावणी रस्त्यावरच्या जमावाकडे गेली की कायदेशीर व्यापारही कसा मरतो, याचा हा धडा आहे.

दुसरा प्रश्न चुलीचा. २०१५ च्या दुरुस्तीने परराज्यात कायदेशीररीत्या कापलेल्या गोवंशाचे मांस नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला होता. शिवाय आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर टाकले होते. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण ही दोन्ही कलमे रद्द केली. त्या निर्णयावर पुढे सर्वोच्च न्यायालयात अपिले गेली. परंतु पोलिसाने गरिबाच्या पातेल्याचे झाकण उघडून पाहावे काय, या प्रश्नाला उच्च न्यायालयाने नकाराचे उत्तर दिले, ही गोष्ट मोलाची आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा या विचाराला बळकटी आली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, घटनेच्या ४८ व्या कलमातच गोरक्षणाचा निर्देश आहे. खरे आहे. परंतु त्या कलमाचा आरंभ शेती आणि पशुपालन आधुनिक व शास्त्रीय पायावर उभारण्याच्या आदेशाने होतो. महात्मा फुल्यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या सैनिकांसाठी होणाऱ्या गाईबैलांच्या कत्तलीला विरोध केला होता, पण तो शेतकऱ्याचे बैल कमी पडतात म्हणून. त्यांचा मापदंड शेतकऱ्याचे हित हाच होता. त्याच मापाने आजचा कायदा तोलावा. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाख होता. २०१९ मध्ये तो सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. यंत्रे आणि दुष्काळ ही कारणे आहेतच. परंतु या कायद्याने गोवंश वाढला नाही, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: समाजवाद्यांनी खाजगी मालमत्तेची तरफदारी कधीपासून सुरू केली? याचे उत्तर याच भूमीत आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने मालमत्तेवर मर्यादा घातली, ती भूमिहीनाला जमीन मिळावी म्हणून. सातपुड्यातील आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घेऊ नये, हा निर्बंध आणि १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा दुर्बलाच्या रक्षणासाठी आले. तेही मालमत्तेवरचे निर्बंधच. समाजवाद्यांनी त्यांच्यासाठी लढे दिले. निर्बंध असावा की नसावा, हा वाद नव्हेच. त्याचे ओझे कोणावर पडते आणि रक्षण कोणाचे होते, हे पाहायचे. बलवानाचा हात रोखणारा कायदा न्याय्य. दुर्बलाची गाठ सोडून श्रीमंताची श्रद्धा पोसणारा कायदा अन्याय्य.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. १९७६ च्या कायद्यातील दाखल्याची पद्धत पुन्हा आणावी. शासनाला ते मान्य नसेल तर निकामी बैल शासनाने बाजारभावाने शेतकऱ्याच्या दारातून विकत घ्यावा. २०२४ साली शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता’ म्हटले आणि गोशाळेतल्या गाईमागे रोज ५० रुपयांचे अनुदान जाहीर केले. गोशाळेतली गाय पोसायला पैसा लागतो हे ज्याला समजते, त्याला शेतकऱ्याच्या गोठ्यातला म्हातारा बैल काय वारा खाऊन जगतो असे वाटते? आणि वाहने अडवण्याचा, झडती घेण्याचा अधिकार पोलीस वा शासनाने रीतसर अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही नाही, हे प्रत्येक पोलीस ठाण्याला ठणकावून सांगावे.

हे बोलणे आज सोपे नाही. गाईचे नाव निघाले की भले भले कार्यकर्ते विषय बदलतात. पण आठवड्याच्या बाजारातून विकला न गेलेला बैल परत घरी नेणारा शेतकरी विषय बदलू शकत नाही. कार्यकर्त्याने आधी त्याच्याजवळ जाऊन बसावे, त्याचा हिशेब त्याच्याच तोंडून ऐकावा आणि मग तो सभेत मांडावा. त्या हिशेबाला उत्तर देणे कोणत्याही घोषणेला जमणार नाही.