कॅल्शियमची गोळी विचारून घ्या

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आपाला, सारकॉइडोसिस आहे. या दाहाच्या आजारात फुफ्फुसांत, ग्रंथींत पेशींच्या बारीक गाठी होतात. गुडघे दुखतात म्हणून आपा स्वतःच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ लागली. काही दिवसांनी तहान वाढली, सारखी लघवी, गुंगी. आम्ही उन्हाळ्याला दोष दिला. रक्त तपासले, तर कॅल्शियम १२! एरवी ते साधारण ८.५ ते १०.५ असते. डॉक्टर म्हणाले, या गाठीच ड जीवनसत्त्व सक्रिय करतात. मग आतडी जास्त कॅल्शियम शोषतात. त्यात गोळ्यांची भर. मूत्रपिंडावरच बेतले असते. गोळ्या थांबल्या, उपचार झाले, आपा सावरली. हाडांना कॅल्शियम हवेच. पण असा आजार असेल तर आधी रक्त तपासा, मगच गोळी.