पिवळ्या दगडाचं बेट



भूमध्य समुद्रातल्या बेटावर सुट्टी म्हटलं की निळं पाणी, पांढरी वाळू आणि छत्रीखाली पहुडलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. एवढ्यासाठीच माल्टाला जाणार असाल, तर आधीच सांगून ठेवतो: वाळूचे किनारे तिथे मोजके. बाकी सगळा खडक. लोक त्या खडकावरच पंचे पसरतात आणि लोखंडी शिडीवरून पाण्यात उतरतात. माल्टाला जावं ते दगड बघायला. पोहणं काय, दुपारनंतरही होतं.

सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा, गोझो आणि मधलं चिमुकलं कोमिनो, सगळं मिळून 316 चौरस किलोमीटर. मुंबईपेक्षा लहान देश! म्हणून पुष्कळजण तो दोन दिवसांत उरकतात. मला विचाराल तर निदान आठवडा द्यावा.

इथला दगड म्हणजे मधाच्या रंगाचा चुनखडक. प्राचीन समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांची कवचं साचत गेली, त्यातून तो घडला. खाणीतून काढला की इतका मऊ, की करवतीनं कापावा. उघड्यावर राहिला की वरचा थर टणक होतो. काळ्या बसाल्टवर छिन्न्या झिजवणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला त्याचा हेवाच वाटेल. असा दगड हाताशी असल्यावर माणसं बांधत सुटणारच, आणि ती सुटली साडेपाच हजार वर्षांपूर्वी.

गोझोवरचं जगान्तिया मंदिर इसवी सनापूर्वी 3600 च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही हजारेक वर्षं आधीचं. एका राक्षसिणीनं ते बांधलं, असं गावकरी सांगत आले. बाहेरच्या भिंतीतले ते धोंडे पाहिले की त्यांना दुसरं काय सुचणार होतं? मुख्य बेटाच्या दक्षिण कड्यावर हाजर इम आणि इमनायद्रा ही दोन मंदिरं आहेत. वारा-पावसानं हा मऊ दगड झिजतो, म्हणून 2009 मध्ये दोन्हींवर प्रचंड तंबू उभारले. फोटोत ते खटकतात, पण उन्हाळ्यात त्यांच्या सावलीत उभं राहिल्यावर तक्रार करवत नाही. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण इमनायद्राच्या दारातून सरळ आत शिरतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या त्या सुमारास जात असाल, तर पहाटेच्या प्रवेशाची चौकशी जरूर करा.

आता एक काम विमानाच्या तिकिटाबरोबरच उरकून टाका. पाओला गावाखाली खडक कोरून केलेलं तीन मजली भूमिगत स्मशान आहे, हाल साफ्लिएनीचं हायपोजियम. 1902 मध्ये वरती घरांचं बांधकाम चालू असताना ते सापडलं. सुमारे सात हजार माणसांचे अवशेष तिथे असावेत असा अंदाज आहे. श्वासातल्या ओलाव्यानं भिंतींवरचे गेरूचे रंग खराब होतात, म्हणून दिवसाला फक्त ऐंशीच्या आसपास माणसं आत सोडतात. फोटो काढू देत नाहीत. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. आयत्या वेळी हळहळणारे प्रवासी तिथे दारात रोज दिसतात म्हणे.

राजधानी व्हॅलेटा. 1565 मध्ये ऑटोमन सैन्यानं बेटाला वेढा घातला. तेव्हा बेटावर सत्ता असलेल्या सेंट जॉन पंथाच्या सरदारांनी आणि माल्टी लोकांनी तो परतवला, आणि पुढच्याच वर्षी या शहराचा पाया घातला गेला. सरळ आखलेले रस्ते, दोन्ही टोकांना समुद्र, घरांना रंगीत लाकडी सज्जे. रस्ते मात्र चढउताराचे, काही तर नुसत्या पायऱ्याच. पायानं अधू असलेल्या कवी बायरननं त्या पायऱ्यांना शिव्याशाप दिले होते. गुडघे कुरकुरत असतील, तर चपला विचार करून निवडा. सेंट जॉनच्या कॅथीड्रलमध्ये टाचेच्या सँडलांना तर बंदीच आहे, कारण तिथली जमीन म्हणजे सरदारांच्या रंगीत संगमरवरी थडग्यांचा गालिचा. आतल्या दालनात काराव्हाज्जोचं 1608 चं भव्य चित्र आहे, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. त्यानं सही केलेलं एवढं एकच चित्र, आणि ती सही संताच्या सांडलेल्या रक्तात. शहरात दुसरं काही पाहिलं नाही तरी चालेल, पण या चित्रासमोर अर्धा तास बसा.

दुपारी बाराला अप्पर बाराक्का बागेच्या कठड्याशी या. खाली तोफ सुटते आणि समोर सगळं ग्रँड हार्बर पसरलेलं असतं. आपल्याकडचीही एक आठवण या बेटाशी जोडलेली आहे: 1878 मध्ये रशियाला धाक दाखवायला ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीनं सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी इथे आणले होते. लढाई झालीच नाही. पलीकडच्या बिर्गूला जायला दायसा नावाच्या छोट्या होड्या मिळतात. बोटीच्या महागड्या सहलीपेक्षा मला तीच सफर आवडते.

मोस्टा गावच्या चर्चचा घुमट पाहा. 9 एप्रिल 1942 रोजी आत भाविक असताना जर्मन बॉम्ब तो घुमट फोडून खाली पडला आणि फुटला नाही. इमदीना या जुन्या तटबंदीच्या शहरात दिवसा सहलींची झुंबड असते. तिथे संध्याकाळी जा. कोमिनोच्या ब्लू लगूनचं पाणी फोटोत दिसतं तितकंच निळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. त्या महिन्यांत मी ते सरळ वगळेन.

त्याऐवजी चिर्केव्वाहून फेरी पकडा. पंचवीसेक मिनिटांत गोझो. ड्वेयरा इथली समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान मार्च 2017 च्या वादळात कोसळली. जुन्या जाहिरातींत ती अजून उभी दिसते, तेव्हा फसू नका. मार्साल्फोर्नजवळ श्वेयनीला खडकात कोरलेली मिठागरं आहेत. चौकोनी उथळ टाक्यांत समुद्राचं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि मीठ खरवडून गोळा करतात. आमच्या मिठागरांत चिखल असतो, इथे पायाखाली खडक.

खाण्याचं म्हणाल तर पास्तित्सी. पापुद्र्यांच्या या गरम पुडीत रिकोटा चीज किंवा वाटाणा भरलेला असतो. पण पारंपरिक कृतीत पिठाला चरबी लावतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा. घशाखाली उतरवायला किनी, कडवट संत्र्याचं पेय. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल.

व्हिसा शेंगेनचा, चलन युरो, इंग्रजी सगळीकडे चालतं आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरे. मात्र उन्हाळ्यातच जावं लागलं, तर एखाद्या गावची फेस्ता चुकवू नका. गावाच्या संताचा उत्सव: रस्त्यांवर पताका, खांद्यावरून मिरवणारी मूर्ती, बँडपथकं आणि दिवसाउजेडी कानठळ्या बसवणारे फटाके. काही गावांत दोन बँड-क्लब असतात आणि त्यांच्यातली चुरस पाहिली की आपली गणपती मंडळं आठवतात. कोणाच्या पताका जास्त, कोणाचा बँड उशिरापर्यंत वाजला, यावरून वर्षभर वाद. कोणत्या क्लबचं कौतुक कोणासमोर करायचं, ते मात्र आधी पानटपरीऐवजी कोपऱ्यावरच्या बारमध्ये विचारून घ्या.